पाव्हणीचं नाव

त्या हिवाळ्यात आमच्या घरात नऊ दिवस फोडणी झाली नाही. तुम्हा नातवंडांना यात विशेष वाटणार नाही, कारण तिकडे परदेशात फोडणीचा धूर झाला की छतावरचं यंत्र ओरडायला लागतं, असं तुमची आई सांगते. पण तापीकाठच्या आमच्या गावात, मातीच्या सपाट धाब्याच्या त्या घरात, सकाळ व्हायची ती आवाजांनी. आधी जात्याची घरघर, मग गोठ्यात आबांचं गायीशी बोलणं, मग आईच्या बांगड्या, आणि सगळ्यात शेवटी तव्यावर हिरव्या मिरच्या पडल्या की होणारी ती चुर्र. ठेचा झाला की फुई दारात उभी राहून आम्हाला हाका मारायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, ठेचा, वर तेलाची धार. अजूनही कुठे मिरची भाजल्याचा ठसका आला की माझ्या मनात पहिलं येतं ते हे, की सगळं ठीक आहे, घरात कुणी आलेलं नाही.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, मोठी बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, इतके वण. डावा डोळा दुधाळ, त्याने दिसत नसे. लहान असताना मी तिच्या गालांवरचे खड्डे बोटांनी मोजायची आणि ती हसून म्हणायची, "मोजू नको व पोरी, तिनी मोजीसनच दिधा शेतस." ती म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं एवढं मला कळत होतं. घरात आबांचा शब्द चाले शेतापुरता. उंबऱ्याच्या आत फुईचा चाले.

त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला आमच्या शाळेत टोचणारे मास्तर आले होते. होते ते आरोग्य खात्याचे, पण जो लिहून घेतो तो मास्तर असं आमच्या गावाचं मत. सायकल, खाकी पिशवी आणि पुण्याकडची स्वच्छ मराठी. त्यांनी पिशवीतून पोस्टकार्डापेक्षा मोठं एक चित्र काढून वर्गात फिरवलं. एका बाळाचं तोंड होतं त्यावर. तोंड कसलं, नुसते फोड. मधून दोन डोळे बघत होते. मास्तर म्हणाले, "याला देवी म्हणतात. खाली इंग्रजीत लिहिलंय. कोण वाचेल?" माझं इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं आणि मला त्याचा फार तोरा होता. मी उभी राहून एकेक अक्षर लावत वाचलं, "स्मॉल पॉक्स." मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, ही स्मॉल शे ते मोठी कशी ऱ्हाई?" सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. "मोठी नको रे बाबा, हीच पुरे आहे," ते म्हणाले. मग चित्र पिशवीत ठेवताना गंभीर झाले. "असं तोंड कुठे दिसलं तर मला सांगायचं. घरातलं असलं तरी. मी दर सोमवारी या बाजूला असतो."

मला लहानपणीच आजोळी, नंदुरबारला, टोचलेलं होतं. परवा फोनच्या पडद्यावर तुम्ही माझ्या दंडावरची ती नाण्याएवढी खूण पाहून विचारलंत ना, ती हीच. माझी धाकटी बहीण मंगल मात्र तशीच राहिली होती. तिच्या वेळी टोचणारे गावात आले तेव्हा फुईने तिला कापसाच्या ढिगामागे झोपवलं आणि स्वतः ढिगासमोर सरकी निवडत बसली. अंगावर सुई मारणं म्हणजे पाव्हणीच्या तोंडावर दार लावणं, आणि ज्याने तिला दार लावलं त्याच्याकडे ती कौलातून शिरते, असं ती म्हणे. आमच्या घराला कौलं नव्हती, मातीचं धाबं होतं, हे मी तिला कधी दाखवून दिलं नाही.

सारंगखेड्याच्या जत्रेला आबा मंगलला खांद्यावर बसवून घेऊन गेले. घोडे बघायला. ती पाच वर्षांची होती. येताना तिच्या मुठीत घोड्याच्या गळ्यात बांधतात तसा एक पितळी घुंगरू होता. रात्रंदिवस तो वाजवून तिने घर डोक्यावर घेतलं. माझा धाकटा भाऊ तेव्हा जेमतेम पंधरा दिवसांचा. आई त्याला घेऊन मागच्या खोलीत बाळंतिणीच्या खाटेवर असायची. ती आतून ओरडायची, "शकू, तिना हातमातून ते काढ, नही ते इहीरमा फेकी दे." जत्रेनंतर बारा-तेरा दिवसांनी घुंगरू आपोआप थांबला. मंगलला ताप भरला. तीन दिवस ती तापाने तळमळली, चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, फुईने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, कपाळावर हात फिरवला आणि दोन्ही हात जोडले.

"कोनी नाव लेवानं नही," ती आम्हा सगळ्यांना म्हणाली. "पाव्हणी उनी शे. तिन्हा मनमा येई तव्हय जाई."

तेव्हापासून घर बदललं. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लागल्या. फोडणी बंद, कारण तेलाच्या आवाजाने पाव्हणीच्या अंगाची आग होते. जातं बंद. आईने बांगड्या वर सरकवून दोऱ्याने बांधल्या. आबांनी दाढी केली नाही, आम्ही वेणी घातली नाही. चुलीवर पहाटे एकदाच भात व्हायचा, तो थंड झाल्यावर ताकाबरोबर खायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मंगल हे नाव बंद. आता ती मंगल नव्हती. तिला माय म्हणायचं. आमच्या बोलीत माय म्हणजे आई, हे तुम्हाला ठाऊक आहे. आबा त्या अंधाऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी गुडघे टेकून, हात जोडून, आपल्याच पाच वर्षांच्या मुलीला विचारायचे, "माय, काय पाहिजे तुले?" आतून घुंगरू वाजायचा. मग एक घोगरा आवाज यायचा. तो मंगलचा आवाज नव्हता. आता मला माहीत आहे की घशात फोड आले की आवाज असाच होतो. तेव्हा मला माहीत नव्हतं.

घरात इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, आत फक्त कडुनिंबाची पानं हलत आणि मध्येच घुंगरू. खोलीला एक गोडसर, जड वास येऊ लागला होता. आणि दारासमोर गाढवी येऊन उभी राहू लागली. करड्या रंगाची, एक कान फाटलेला. रोज दुपारी तीच वेळ. ना ओरडायची, ना चरायची. दाराकडे तोंड करून उभी राहायची. फुई तिला भिजवलेले हरभरे घालायची आणि पाया पडायची. पाव्हणीचं वाहन तेच, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "ही कुंभारनी गधडी शे, फुई." ती म्हणाली, "असू दे. बसणारीले काय, कोनीबी चालस."

मंगल मागेल ते द्यायचं, हा नियम होता. तिने बोरं मागितली, आबांनी नदीपलीकडून आणली. ती तिला खाता येईनात, तरी तिच्या उशाशी ठेवली. तिने माझी पाटी मागितली, मी दिली. रविवारी दुपारी घुंगरू वाजला. मी आणि फुई आत गेलो. छतातल्या भोकातून उजेडाची एक काठी तिच्या अंगावर पडली होती, आणि मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तिचं तोंड आता तिचं राहिलेलं नाही. ते मास्तरांच्या पिशवीतल्या चित्रातलं तोंड होतं. तेच दोन डोळे मधून बघत होते.

"माले भाऊ दे," ती म्हणाली. "मन्हा मांडीवर दे."

पाच वर्षांच्या बहिणीला आपला तान्हा भाऊ मांडीवर हवा असतो. बाळ झाल्यापासून ती हेच मागत होती; आई म्हणायची, जरा मोठा होऊ दे. पण आता मागणारी मंगल नव्हती ना. फुईने हात जोडले. "व्हय माय. मंगळवारे देसू. तुन्हा वार शे."

बाहेर येताच मी फुईचं लुगडं धरलं. "फुई, तो एवढासा शे."

"एवढासा कोनी दिधा? तिनीच दिधा ना?" तिने माझा हात सोडवला. तिचा बरा डोळा ओला होता. ती दुष्ट नव्हती, हे तुम्हाला नीट समजायला हवं. तिच्या हिशेबात नाही म्हटलं असतं तर दोन्ही पोरं गेली असती. आबा मान खाली घालून अंगणात बसून राहिले. आईला कुणी सांगितलं नाही, मी सांगितलं. तिने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

सोमवारी दुपारी टोचणारे मास्तर आले. मी ओसरीच्या खांबामागे होते. फुई दाराच्या मधोमध उभी. गाढवीही होती.

"नमस्कार बाई. घरात कुणाला देवी?"

फुईने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग शांतपणे म्हणाली, "आजारी कोनी नही आम्हना घर. पाव्हणी उनी शे."

"असं होय. कुठून आल्यात पाहुण्या?"

"वरतून."

आमच्या सपाटीवर वर म्हणजे सातपुडा. मास्तरांना एवढं इथे राहून कळलं होतं. "वरून म्हणजे तोरणमाळकडून?"

"त्यानाबी वरतून," फुई म्हणाली.

मास्तर हसले. "मग चालू द्या पाहुणचार. लहान बाळ आहे ना तुमच्याकडे? त्याला टोचून घेऊ."

"बाळ मामाना गाव गये."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पुन्हा नमस्कार केला आणि सायकल वळवली. फुईने एकच गोष्ट खोटी सांगितली होती, बाळाची. बाकी तिने सगळं खरं सांगितलं. मास्तरांना मराठी येत होती, फुईला तिची बोली येत होती, आणि दोघांच्या मध्ये माझा भाऊ उद्याच्या मंगळवारची वाट बघत झोपला होता.

मी गोठ्यातून मागच्या बाजूने बाहेर पडले आणि कापसाच्या उभ्या पऱ्हाट्यांमधून धावत सुटले. गावाबाहेरच्या चिंचेखाली मी त्यांना गाठलं. दम लागला होता, पायांना ओरखडे उठले होते.

"काय गं? तू त्या शाळेतली ना? काय झालं?"

मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. शब्द दोन होते, एक पुस्तकातला आणि एक घरातला, आणि दोन्ही तिला ऐकू गेले असते. नाव घेतलं की ती रागावते आणि ज्याच्यात बसली आहे त्याला घेऊनच उठते, हे मी जन्मापासून ऐकलं होतं. मी म्हटलं, "मास्तर, पाव्हणी..."

"हो, आल्यात ना. कळलं मला." त्यांनी पायडलवर पाय ठेवला.

तेव्हा मला ते सुचलं. पाव्हणीला अहिराणी येते, मराठी येते, गुजराथी येत असणार. पण इंग्रजी ती कुठे शिकली असेल? ते तर आमच्याच शाळेत यंदा सुरू झालं होतं. मी चिंचेकडे पाठ केली, आवाज बारीक केला आणि म्हटलं, "स्मॉल पॉक्स."

मास्तर सायकलवरून उतरले. "कुणाला?"

आता एकदा इंग्रजीत शिरले होते तर बाहेर पडायची माझी हिंमत नव्हती. "माय सिस्टर," मी म्हटलं.

त्यांनी सायकल गावाकडे फिरवली. म्हणाले, "तू पुढे जा. तू सांगितलंस हे मी कुणाला सांगणार नाही." मी आले तशीच पऱ्हाट्यांमधून परतले. ते रस्त्याने आधी पोलीस पाटलांना घ्यायला गेले, म्हणून मी बरीच आधी पोचले. घरात तीच शांतता. फुई अंगणात हरभरे वेचत होती. मी आत गेले. मंगल डोळे मिटून पडली होती. मी तिच्या उशाशी बसले तशी ती म्हणाली, "आक्का, तू माले हाक मारी ना?"

"नही," मी म्हटलं.

"मारी. चिंचखाले. माय म्हनी तू."

पुढचं मी तुम्हाला थोडक्यात सांगते. मास्तर, पाटील आणि आणखी दोघं आले. फुई दारात आडवी झाली. आवाज वाढले, शेजारची माणसं जमली, आबा दोन्हीकडे हात जोडत होते. पाटील म्हणाले, "बाई, बाजूले व्हय, सरकारना हुकूम शे." फुई म्हणाली, "तिन्हा हुकूम तुन्हा सरकारले लागत नही का?" आणि हे चालू असताना घराच्या मागच्या बाजूने आईचा आवाज आला. तीन दिवसांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आतून कोणी मोठ्याने बोललं होतं. "मास्तर! आठे या, खिडकीपाशी!" आम्ही धावलो. बाळंतिणीच्या खोलीला लाकडी गजांची लहानशी खिडकी होती. त्या गजांमधून एक इवलासा उघडा हात बाहेर आला होता, आणि आतून आईने तो मनगटाशी धरून ठेवला होता. दोऱ्याने बांधलेल्या तिच्या बांगड्या सुटल्या होत्या आणि गजांवर वाजत होत्या. "टोचा," ती म्हणाली. "लवकर. घरना लोकेसले मी देखी लिसू." मास्तरांच्या हातात दोन दातांची बारीक सुई होती. बाळ किंचाळलं. फुई जमिनीवर बसली आणि तिने पदर तोंडावर ओढला.

मंगळवारी बाळ कुणाच्या मांडीवर गेलं नाही. दारात पहारा बसला, गावातल्या एकूण एक दंडावर सुई टोचली गेली. गुरुवारी दुपारी घुंगरू वाजला नाही म्हणून मी आत गेले. तो तिच्या मुठीत होता. अशा पोरांना जाळत नसत. आबांनी तिला नदीकाठी पुरलं आणि घुंगरू तिच्याबरोबरच दिला. शनिवारपर्यंत फुईने चूल तशीच ठेवली. रविवारी आईने तव्यावर मिरच्या टाकल्या, ती चुर्र झाली आणि आम्ही सगळे दचकलो.

फुई एवढंच म्हणाली, "कोनीतरी नाव लिधं." आणि तिचा बरा डोळा माझ्यावर येऊन थांबला.

गाढवी पुन्हा आली नाही. पहारा उठल्यावर मी कुंभाराला विचारलं. तो म्हणाला, "पोरी, मन्ही गधडी ते जत्रापासून म्हसावदले शे, मन्हा भाऊकडे." जत्रेतून सुटून आलेलं एखादं जनावर असेल. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली, आणि या गोष्टीवरही मी ही चिठ्ठी लावून ठेवली आहे: सुटलेलं जनावर. आणि मंगलने जे म्हटलं त्यावरही एक आहे: तापातलं बोलणं, ती सारखी माय ही हाक ऐकत होती, त्यात नवल काय. चिंच तिने कुठून आणली, त्या डब्याला चिठ्ठी नाही.

काही वर्षांनी तो आजार जगातूनच गेल्याची बातमी आली. मी ती वर्गात वाचून दाखवली. सुट्टीत घरी गेले तेव्हा फुईलाही सांगितलं. ती फार थकली होती, अंगणात उन्हात बसून तूर निवडत होती. तिने आणखी मूठभर तूर सुपात ओतली. मग म्हणाली, "शकू, तू त्या मास्तरले काय सांगं व्हतं?"

इतक्या वर्षांत तिने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "इंग्रजीमा सांगं, फुई."

"सगळं?"

"सगळं."

तिने सुपातला एक खडा उचलून दूर टाकला. "मंग तिले समजनं नसी. तिले इंग्रजी कोठे येस? पोर तिन्हा मनमा उनं म्हनीसन गयी. कोनी नाव लिधं म्हनीसन नही." आणि तिने सूप माझ्याकडे सरकवलं, अर्धी तूर मी निवडावी म्हणून. आम्ही दोघी ती संपेपर्यंत तिथे बसलो. इंग्रजीत मी नेमके कोणते शब्द वापरले, हे मी तिला सांगितलं नाही. तिला तेवढं इंग्रजी येत नव्हतं, पण त्यातला एक शब्द तिने नक्की ओळखला असता.

तुमचे मामा-आजोबा, ज्यांना तुम्ही दर दिवाळीला फोन करता, ते खिडकीतून बाहेर आलेला तो हात. त्यांच्या दंडावरची खूण माझ्या खुणेपेक्षा मोठी आहे. त्यांना विचारलंत तर ते हसतील आणि म्हणतील, माझी बहीण फार वाढवून सांगते. सांगू द्या त्यांना. पण तुम्ही मी लिहिलेलं हे पुन्हा वरून खाली वाचा. तो पुस्तकातला शब्द मी फक्त मास्तरांच्या तोंडी घातला आहे, दोनदाच. आणि आमच्या बोलीतला कुठेच नाही. मी काही फुईसारखी नाही, मला सगळं समजतं. तरीही फोनवर त्याबद्दल तुम्हाला मला काही विचारायचं असेल तर तुमच्या इंग्रजीतच विचारा, आणि विचारताना तेवढा 'माय' गाळा.